रुकैया मॅडमचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. हातात धरायचा, सेलवर चालणारा, बटण दाबून धरलं की बोलणारा आणि सोडलं की गप. माझा आवाज बसका आहे, हे आधीच सांगून टाकतो मित्रांनो, मागाहून तक्रार नको. शाळाबिळा मी बघितलेली नाही. माझ्या तोंडाला तोंड लावून लोक जे ओरडले, तेवढंच माझं शिक्षण. त्यात अरबी आली, हिंदी आली, मल्याळी शिव्या आल्या. मराठी आली ती शहाजीमुळं. शहाजी करमाळ्याकडचा, इथं कंपनीत रिगर, म्हणजे क्रेनला माल बांधून देणारा. सध्या मी त्याच्याच खोलीत राहतो, कतारातल्या मेसईदला, कपाटावर.

माझा जन्म कुठला, ते माझ्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं. तो कागद पहिल्याच उन्हाळ्यात लोकांच्या घामानं गेला. त्यामुळं मी मेसईदचाच, असं धरून चाला. वीस भाऊ एका खोक्यात बसून बंदरावर उतरलो आणि एकेक जण एकेका कारखान्यात गेला. माझ्या वाट्याला खताचा कारखाना आला. काम सोपं. सायरन वाजला की सगळ्यांनी पळत मैदानात जमायचं, आणि मी हजेरी घ्यायची.

एकदा मात्र खरंच कामाला आलो. वाळूचं वादळ सुटलेलं, हात पुढं केला तर हात दिसत नव्हता, आणि त्यातच गॅसची घंटा झाली. भिंतीवरचा सायरन बंद पडला. फोरमननं मला उचललं आणि ओरडत सुटला, "आवाज पे चलो, आवाज पे चलो." दोनशे सोळा माणसं माझ्या आवाजावर चालत बाहेर आली. मोजून दोनशे सोळा. त्या दिवशी मोठ्या साहेबानं माझ्या पाठीवर थाप मारली. पण साहेबांची थाप किती दिवस पुरते? पुढल्या वर्षी खांबाखांबावर नवे स्पीकर बसले आणि मला ट्रेनिंगच्या खोलीत, कपाटाच्या तळाला, आगीच्या ब्लँकेटांखाली कोंबलं. सेल आतच राहिले. ते फुटले, हिरवं पाणी गळलं, आणि माझ्या पोटाला गंज चढला. चार वर्षं तशीच गेली.

मग रुकैया मॅडम आली.

मॅडम मोम्बासाची, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची. काळी, उंच, डोक्याला पिवळा रुमाल, पायात सेफ्टीचे बूट. सेफ्टी शिकवायला तिला घेतलेलं. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी तिच्या रंगावरून हिंदीत काहीतरी बोललं आणि दोघंतिघं खिदळले. मॅडम थांबली. शांतपणे हिंदीतच म्हणाली, "मोम्बासात माझ्या घराशेजारी कच्छी दुकानदार होता. त्याच्या दुकानात हिंदी गाणी ऐकत मी लहानाची मोठी झाले. मला सगळं कळतं. आता हेल्मेटचा पट्टा लाव." त्यानं पट्टा लावला. परत कुणी खिदळलं नाही.

तिनंच मला शोधलं. व्हिनेगर आणि जुना दातांचा ब्रश घेऊन माझं पोट घासलं, नवे सेल घातले, बटण दाबलं आणि काहीतरी बोलली. स्वाहिली होती, मला कळली नाही. पण बरं आहे का असं आजाऱ्याला विचारावं, तसं बोलली.

ती पुस्तकं लिहिते, हे कुणाला ठाऊक नव्हतं. एक दिवस तिच्या नावानं पार्सल आलं. ऑफिसातले कागद सांभाळणारी विजयालक्ष्मी, सोलापूरची, तिनं ते उघडून दिलं. आत एक पुस्तक होतं. पहिल्या पानावर छापलेलं होतं, रुकैयाबाईंना, ज्यांनी मला लिहायला लावलं.

"मॅडम, ही रुकैया तुम्हीच का?"

"मीच. लिहिणारी माझी विद्यार्थिनी. पहिल्यांदा आली तेव्हा घाबरून पाय थरथरत होते तिचे."

"म्हणजे तुम्ही पण लिहिता?"

"तीन पुस्तकं आहेत."

ही बातमी साहेबापर्यंत गेली. साहेब आला आणि कौतुकानं विचारलं, "सेफ्टीवर लिहिता का?"

मॅडम म्हणाली, "हो सर. ज्यांना कुठंच सेफ वाटत नाही, त्यांच्यावर लिहिते."

साहेब मान हलवत गेला. त्याला कळलं का नाही, ते मला माहीत नाही.

आता शहाजीचं सांगतो. गेल्या साली मार्चात, क्रेनवरून पाइप खाली येत होता. पाइप हलला की तो दोरीनं आवरायचा, हात लावायचा नाही, हा नियम. शहाजी वीस वर्षांचा मुरलेला रिगर, पण त्या दिवशी त्यानं हातानं आवरला. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

अपघात झाला की कागद भरायचा असतो. वरती लिहिलेलं असतं, 'काय घडलं?' बाकी ठिकाणी सुपरवायझर इंग्रजीत दोन ओळी खरडतो. मॅडमचा नियम वेगळा. ज्याला लागलं त्यानंच लिहायचं, त्याच्या भाषेत. शहाजीनं दवाखान्यात बसून उजव्या हातानं तीन पानं मराठीत लिहिली. विजयालक्ष्मी ती मॅडमला हिंदीत वाचून दाखवायला लागली. मी टेबलावरच होतो. एका जागी येऊन विजयालक्ष्मीनं तेवढं दोनदा वाचलं. तिथं लिहिलेलं होतं: 'तेवढ्यात खिशात बबीताचा फोन वाजायला लागला. मी फोनला हात लावला नाही. मला वाटलं, मी शहाणपणा केला. मग त्याच हातानं मी पाइप धरला.' बबीता म्हणजे शहाजीची बायको.

मॅडमनं ती पानं स्वतःकडं ओढून घेतली. मग म्हणाली, "हा माणूस लेखक आहे. याला कुणीतरी सांगायला पाहिजे."

आणि तिनंच सांगितलं. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर, कंपनीच्या घरांच्या मागं, जिथं बसा उभ्या राहतात तिथं, दहा खुर्च्या टाकून मॅडमची लिहिण्याची शाळा सुरू झाली. शहाजी आला, त्याच्या खोलीतला सचिन आला, नेपाळचा एक इलेक्ट्रिशियन, घानाचा एक सिक्युरिटीवाला, असे नऊ जण. विजयालक्ष्मी दोह्याहून कंपनीच्या बसनं यायची. एकीकडं एसीच्या मशिनी घुमायच्या, एकीकडं ड्रायव्हर लोक बसा तापवायचे. तिथं वाचलेलं ऐकू यावं म्हणून मॅडमनं मला आणलं.

सचिन म्हणाला, "मॅडम, आत हॉल रिकामा आहे की. एसी आहे, गारेगार."

तेव्हा मॅडमनं तिच्या गुरूचं सांगितलं. त्याचं नाव महमूद. होड्यांवर नावं रंगवायचा आणि नाटकं लिहायचा. त्याचं एकही पुस्तक मोठ्या शहरात पोचलं नाही, पण त्याच्याकडं शिकलेले अकरा जण आज लिहितात. तो पोरांना मासळीच्या लिलावात खोक्यावर उभं करून वाचायला लावायचा. भाव पुकारणारे ओरडतायत, मांजरं पायात, बर्फ फुटतोय, आणि तुम्ही वाचायचं. जी गोष्ट ऐकायला गिऱ्हाईक मासळी सोडून मान वळवील, ती गोष्ट खरी. मॅडम चौदा वर्षांची असताना त्या खोक्यावर चढली होती. तीनदा कुणी बघितलं नाही. चौथ्यांदा एका म्हातारीनं हातातला मासा खाली ठेवला.

मॅडम म्हणाली, "त्या म्हातारीसाठी मी अजून लिहिते. आता यल्ला, चला, कोण वाचतंय?"

एक हात माझ्या बटणावर, दुसऱ्या हातात कागद, उभं राहून वाचायचं, ही पद्धत.

पण मित्रांनो, पहिले कित्येक महिने काही जमेना. माझ्या तोंडून अशा फुसक्या गोष्टी बाहेर पडायच्या की मला माझीच लाज वाटायची. नेपाळ्याच्या गोष्टीत जुलै महिन्यात कतारला गार वारा सुटला होता. सचिनच्या गोष्टीतला माणूस रोज वेळेवर जेवायचा. आणि शहाजीनं गावाकडची गोष्ट लिहिली, तिच्यात तर कुणाला शिंकसुद्धा आली नाही.

"शहाजी," मॅडम म्हणाली, "तुझ्या गोष्टीत सगळे ठीक आहेत. शेळीसुद्धा ठीक आहे."

"हां मॅडम. चांगली शेळी होती."

"मग मी का ऐकू?"

शहाजी डोकं खाजवायला लागला. मॅडमला रोग सापडला होता. ही सगळी माणसं वर्षानुवर्षं घरी फोन करणारी. मी मजेत, जेवलो, इथं ऊन नाही, काम हलकं आहे. तीच सवय हाताला लागलेली.

मॅडम म्हणाली, "कंपनीच्या कागदावर खरं लिहिता, नोकरी गेली तर गेली म्हणून. आणि घरच्या माणसांसाठी खोटं लिहिता. उलटं चाललंय तुमचं."

 मग शहाजी खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, घरी बोटांचं सांगितलेलं न्हाई."

वर्ष होऊन गेलं होतं. व्हिडिओ कॉलवर तो फोन उजव्या हातात धरायचा, डावी बाजू दिसूच द्यायचा नाही. गावी जायची सुट्टी दोनदा पुढं ढकलली होती, कारण हात लपवून गावी कसं जाणार?

"का नाही सांगितलं?"

"तिचा फोन आलेला ना त्या टायमाला. ती म्हणंल, माझ्यामुळं झालं. एकदा का तिनं तसं धरलं, तर जन्मभर डोक्यातून काढायची न्हाई. बोटं माझी गेली, मॅडम. तिचं कशाला काय जावं?"

मॅडमनं उपदेश केला नाही. एवढंच म्हणाली, "मग ते लिही. तू का सांगत नाहीस, ते."

शहाजीनं लिहिलं. तीन आठवडे लागले. आणि एका शुक्रवारी त्यानं ते माझ्यातून वाचलं, तीन बोटांत कागद धरून. वाचता वाचता मला जाणवलं, पलीकडच्या बसचं इंजिन बंद झालंय. ड्रायव्हर खाली उतरून उभा होता. त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. विजयालक्ष्मी मागनं हिंदी सांगेपर्यंत तो थांबला, आणि बस दहा मिनिटं उशिरा सुटली. मॅडम नुसती रुमाल सारखा करत बसली. तिला त्या ड्रायव्हरात मासा खाली ठेवणारी म्हातारी भेटली होती.

मे महिन्यात दोह्यातल्या काही मंडळांनी मिळून एशियन टाउनच्या एका हॉलमध्ये वाचनाचा कार्यक्रम ठेवला. मॅडमच्या शाळेला बोलावलं. शहाजीचं नाव यादीत आलं. इथपर्यंत ठीक. पण सचिनला कुठला दम निघतोय? त्यानं परस्पर बबीतावहिनीला फोन करून टाकला. दादा स्टेजवर वाचणार, तुम्ही व्हिडिओवर बघा. झालं. वहिनीनं गल्ली गोळा केली.

शहाजी सचिनवर असा भडकला की दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. मग त्यानं दोन कागद तयार केले. एक खरा आणि एक शेळीचा. बसमध्ये मॅडमच्या शेजारी बसून त्यानं विचारलं, "मॅडम, शेळीचं वाचलं तर चालंल का?"

"चालेल. मी टाळ्यासुद्धा वाजवीन, तू माझा विद्यार्थी आहेस," मॅडम म्हणाली. "पण सुट्टी तिसऱ्यांदा पुढं ढकलायला माझ्याकडं येऊ नकोस. तो अर्ज मी पुढं पाठवणार नाही."

मी तिच्या मांडीवर होतो. पुढचा सगळा रस्ता दोघं खिडकीबाहेर बघत होती.

हॉल भरलेला. माणसं पायऱ्यांवर बसलेली. मला बघून कार्यक्रमवाला हसला. "मॅडम, इथं कॉर्डलेस माइक आहे. हा डबा कशाला?"

"तो माइक सगळ्यांना गोड करतो," मॅडम म्हणाली. "हा नाही करत."

डबा म्हटल्याचा राग आला होता, तो तिथल्या तिथं गेला.

घानावाला वाचून गेला, नेपाळी वाचून गेला. त्याच्या जुलै महिन्यात आता खरा जुलै होता, लोक बसल्या जागी घामाघूम झाले. मग शहाजी. पुढच्या रांगेत सचिन फोन उंच धरून बसलेला.

"वहिनी, दिसतंय का?"

"तुझं नाक दिसतंय. फोन फिरव."

सचिननं फोन फिरवला. शहाजीनं मला उजव्या हातात घेतलं. डावा हात पॅन्टच्या खिशात. शेळीचा कागद शर्टाच्या वरच्या खिशात होता, मला खाली ठेवून नुसता उजवा हात वर नेला असता की निघाला असता. खरा कागद डाव्या हातातच होता, खिशात चुरगळलेला. शेजारी विजयालक्ष्मी हिंदी सांगायला उभी. तिनं हळूच विचारलं, "शहाजीराव, कुठला?"

त्यानं बटण दाबलं. हॉलभर त्याचा श्वासच तेवढा ऐकू गेला. मला खूप माणसांनी धरलंय मित्रांनो, वादळात धरलंय, पण इतका घामट हात नव्हता कुणाचा.

फोनमधून आवाज आला, "अहो, आवाज येत न्हाई."

शहाजीनं मॅडमकडं बघितलं. मॅडम हात मांडीवर ठेवून बसली होती, शिकवून झालेल्या माणसासारखी. आणि मग त्यानं डावा हात बाहेर काढला. कागद झटकून सरळ केला आणि वाचायला लागला. पाइप खाली येत होता, वारा नव्हता, क्रेनवाला खाली बघत होता. माझा आवाज बसका खरा, पण त्या दिवशी एक शब्द मी खाली पडू दिला नाही. 'तेवढ्यात खिशात बबीताचा फोन वाजायला लागला' इथं तो आला आणि थांबला.

"अहो," फोनमधून बबीता म्हणाली. कार्यक्रमवाल्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं तो कॉर्डलेस माइक सचिनच्या फोनला लावला. सगळ्या हॉलला ती ऐकू आली. "तुमची बोटं कुठायत?"

शहाजीचं बोट बटणावरच होतं. "गेली," तो माझ्यातून म्हणाला.

"कधी?"

"गेल्या साली. मार्चमधी."

 तिच्या मागं कुणाचं तरी पोर रडत होतं, तेवढं ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, "चौदा महिने तुम्ही मला अर्धंच तोंड दाखवताय. मला वाटलं, डाव्या अंगाला कोण तरी बाई बसतीय. शिव्या घालून घालून तोंड दुखलं माझं. नाव पण ठेवलेलं मी तिचं."

विजयालक्ष्मीनं ते हिंदीत सांगितलं, आणि हॉल असा हसला की खुर्च्या हलल्या. शहाजी हसता हसता डोळे पुसायला लागला, माझ्यावर सगळं पाणी.

बबीता हसली नाही. "माझ्या फोननं झालं का?"

"न्हाई. मी हात घातला म्हणून झालं. माझी चूक."

"तसं लिवलंय त्यात?"

"लिवलंय. पुढं हाय."

"मग थांबलाय कशाला? वाचा की पुढं."

आणि त्यानं वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत, दोन्ही हातांनी, एकदाही न अडखळता. संपलं तेव्हा आधी पायऱ्यांवरची माणसं उठली, मग सगळा हॉल उठला. कुणी शिट्ट्या मारत होतं, कुणी सचिनच्या फोनला हात जोडत होतं. दोनशे सोळा माणसं बाहेर काढली तेव्हाही मला एवढं मोठं झाल्यासारखं वाटलं नव्हतं. मॅडम मात्र बसूनच टाळ्या वाजवत होती. विजयालक्ष्मीनं विचारलं, तेव्हा म्हणाली, "उठता येत नाहीये. पाय थरथरतायत."

जूनमध्ये शहाजी गावी गेला, चाळीस दिवस. परत आला तो बॅगेत चार पानं घेऊन. बबीतानं लिहिलेली. चौदा महिने फोनच्या बाहेर बसलेल्या त्या बाईची गोष्ट. ती कशी दिसते, काय नेसते, शहाजीला काय खायला घालते आणि बबीता तिच्याशी रोज कशी भांडते. विजयालक्ष्मीनं ती मॅडमला वाचून दाखवली. मॅडम इतकी हसली की डोक्यावरचा रुमाल घसरला. मग चारही पानं परत एकदा वाचायला लावली, या वेळी न हसता ऐकली, आणि म्हणाली, "शहाजी, घरात हिच्यासारखी असताना तू शेळीवर लिहीत होतास?"

आता बबीताही शाळेत आहे, फोनवरून. मॅडम तिला दर आठवड्याला तीन प्रश्न पाठवते आणि ती पाच पानं उत्तर पाठवते. नव्या पोरांना शहाजी शिकवतो, आणि मॅडम मागच्या खुर्चीत बसून स्वतःचं चौथं पुस्तक लिहिते. सहा वर्षं अडलेलं होतं, म्हणाली.

तर मित्रांनो, विनंती एवढीच. माझ्यासारखं जुनं काही कपाटाच्या तळाला पडलं असेल, तर आधी त्याच्या पोटातले सेल काढा आणि त्याला घासूनपुसून बघा, बोलतंय का. आणि तुमच्या आसपास कुणी लिहिणारं असेल, रंगानं काळं असो, गोरं असो, मोम्बासाचं असो की करमाळ्याचं, त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसा. चूक काढायची घाई नको. वाचून होईपर्यंत उठू नका, एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

बसची इंजिनं बंद झालीत, खुर्च्या भरल्यात. आज बबीताची गोष्ट आहे आणि शहाजीनं मला उचललंय. मी आता माझं बोलणं बंद करतो.